दुखवट्यात आहे, हाक मारू नये

सदाशिव पेठेत तीस वर्षं प्राण्यांचा दवाखाना चालवला असं सांगितलं की लोक हमखास विचारतात, "कधी काही चावलं का हो?" चावलं ना. कुत्री चावली, मांजरांनी ओरबाडलं, एका पोपटानं अंगठ्याचं मांस काढलं. पण त्यांच्यापैकी कोणीही चावण्याआधी "आम्ही इंटरनेटवर वाचलंय" असं म्हणालं नाही. ते काम मालकांनी केलं.

संपादकांना माझ्याकडून गमतीजमती हव्या आहेत. दवाखाना म्हणजे करमणुकीचा कार्यक्रम होता असा त्यांचा समज दिसतो. असो. मी गमतीची नसलेली एक हकीगत सांगणार आहे. कारण असं की, तीस वर्षांत माझ्या तोंडून जी तिरकी वाक्यं गेली, आणि ती काही थोडीथोडकी नाहीत, त्यांतलं एकच मला परत घ्यावंसं वाटतं. ते मी एका गिनीपिगबद्दल बोलले होते.

आधी एक कबुली. आम्हाला कॉलेजात गाय, म्हैस, बैल, शेळी आणि कोंबडी शिकवली. कुत्रा वरवर. गिनीपिग पुस्तकात होता, पण तो लस टोचून बघण्यापुरता. तो आजारी पडला तर काय करायचं हे कुठल्याच सरांनी सांगितलं नाही, कारण तो आजारी पडावा म्हणूनच आणलेला असायचा. अशी विद्या घेऊन मी पेठेत पाटी लावली आणि पहिली काही वर्षं गवळ्यांच्या म्हशी आणि वाण्याची मांजर यांच्यावर सुखानं काढली.

मग देशाची दारं उघडली. आधी परदेशी चॉकलेटं आली, मग मोबाइल आले, मग हिंजवडीला काचेच्या इमारती आल्या आणि त्यांच्या मागोमाग माझ्या दवाखान्यात बर्फातला कुत्रा आला. कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर, एप्रिल महिन्यात. मालक म्हणाले, "डॉक्टर, हा फार धापा टाकतो." म्हटलं, "तुम्ही स्वेटर घालून फिरा, तुम्हीही टाकाल." ज्यांच्या सोसायटीत कुत्रा चालत नसे ते हॅमस्टर आणत, आणि ज्यांना हॅमस्टर फार चपळ वाटे ते गिनीपिग. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. उंदीर आणि ससा यांच्यात वाटणी झाली आणि शेपूट कोणाच्याच वाट्याला आलं नाही, असा नारळाएवढा प्राणी. दिवसभर खातो, दिवसभर लेंड्या टाकतो आणि दिवसभर बोलतो. फ्रिजचं दार वाजलं की शिट्टी मारतो. भित्रा इतका की कोणी शिंकलं तरी लपतो. आणि एकटा राहू शकत नाही. हे शेवटचं दुकानदार सांगत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा पुरतं कळलं नव्हतं.

आमच्या पलीकडच्या गल्लीत अप्पा लिमये राहत. पाटबंधारे खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर धरणांचे आराखडे काढलेले, त्यामुळे अक्षर असं की छापल्यासारखं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नाही. बिल्डरनं बांधून दिलेल्या इमारतीत तळमजल्यावर स्वतः राहत आणि वरची एक खोली भाड्यानं देत. निवृत्तीनंतर त्या सुंदर अक्षराला काही उद्योग उरला नव्हता, म्हणून ते दारावर पाट्या लावत. "जिना नुकताच धुतला आहे. पाय कधी धुतले होते ते आठवून चढावे." "बेल एकदाच वाजवावी. आम्ही बहिरे नाही." "दुपारी १ ते ४ हाक मारू नये." आणि सगळ्यांत वर, "प्राणी पाळणारे भाडेकरू नकोत." घरात रेडिओसुद्धा नव्हता. आवाजाचा त्यांना मनस्वी तिटकारा.

त्या वरच्या खोलीत मोनाली ढोके राहायला आली. यवतमाळची पोरगी, इंजिनिअर, हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरीला. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस, मधे काय करते ते अप्पांना कधी समजलं नाही. पाच महिन्यांनी समजलं ते एवढंच की वर खोक्यात दोन गिनीपिग आहेत. शिट्ट्या त्यांनी ऐकल्या होत्या, पण त्यांना वाटत होतं की कॉम्प्युटर वाजतो. आयटीवाल्यांचं काय सांगावं!

त्या दिवशी ते तरातरा माझ्याकडे आले. "डॉक्टर, भाडेकरूनं उंदीर पाळलेत. काही औषध आहे का?"

"उंदरांना की भाडेकरूला?" मी विचारलं.

मागोमाग मोनाली पोचली, हातात खोकं. त्यातून दोन डोकी वर आली, एक पांढरं, एक तांबडं. पांढरी भाकरी आणि तांबडी चटणी. सख्ख्या बहिणी. "काका, असं काहून करता जी?" ती रडकुंडीला आली होती. "यायले यवतमाळले नाही नेता येत ना. तिथं उन्हानं मरून जातील बाप्पा!"

अप्पा म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत. एक दिवस जास्त नाही."

तो महिना काही संपला नाही. दोन आठवड्यांत अप्पा भाजी निवडून झाली की कोथिंबिरीच्या काड्या वर नेऊन ठेवू लागले. मी विचारलं तर म्हणाले, "कचरा कमी होतो." बरं बाई, होत असेल.

मग मोनालीला कंपनीनं तीन महिन्यांसाठी अमेरिकेला पाठवलं. तेव्हा हे रोजचं झालं होतं. पेठेतल्या निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी सुटकेस भरत असे. गिनीपिग कुठे ठेवायचे हा प्रश्न आला आणि आम्ही दोघी काही बोलायच्या आत अप्पांनी खिशातून एक कागद काढून मोनालीच्या हातात दिला. छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, "गिनीपिग दोन, नावे भाकरी व चटणी, सुस्थितीत मिळाले. तीन महिन्यांनी सुस्थितीत परत करीन." खाली सही. पोच! असला माणूस. पोरीनं तो कागद पासपोर्टात ठेवला.

दीड महिना गेला. एके दिवशी दुपारी अडीच वाजता माझ्या घरचा फोन वाजला. माझं घर दवाखान्याच्या वरच, आणि दवाखान्याच्या पाटीवर माझीही वेळ लिहिलेली होती, एक ते पाच बंद. बाहेरगावच्या वाचकांना दुपारच्या झोपेचं एवढं काय ते कळायचं नाही. तो आमच्या पेठेचा एकमेव देव आहे, ज्याला सगळे मानतात. अप्पा तर त्याचे पुजारी. त्यांनी त्या वेळेला फोन केला यावरून मला समजायला हवं होतं.

"लिमये बोलतोय. भाकरी वारली. सकाळी उठलो तर गेलेली होती."

"बरं," मी म्हटलं. अर्धवट झोपेत होते.

"चटणीचं काय करायचं ते विचारायचं होतं. एकटीच बसलीये."

आता इथे डॉक्टरनं विचारायचं असतं, खातेय का, लेंड्या टाकतेय का, अंग गरम आहे का. तीन प्रश्न. मी काय म्हणाले ते शब्दन् शब्द आठवतं, दुर्दैवानं. मी म्हणाले, "काय करणार? दुखवट्यात आहे ना ती? पिंजऱ्यावर पडदा टाका, बाहेर पाटी लावा, 'दुखवट्यात आहे, हाक मारू नये,' आणि तिला जरा शांत पडू द्या. मलाही." आणि फोन ठेवला. वर स्वतःवर खूश होऊन झोपले. बाण बरोबर बसला, असं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाचला दवाखाना उघडायला खाली आले तर पायरीवर अप्पा उभे. काखेत पिंजरा, त्यावर हिरवं जाड कापड चारी बाजूंनी टाचण्या लावून बसवलेलं, आणि कापडावर पुठ्ठ्याची पाटी. "दुखवट्यात आहे. हाक मारू नये." त्याच अक्षरात. दुखवट्यातल्या "ट्या"ला सुद्धा वळण असं की बघत राहावं.

मला आधी हसूच आलं. मग कापड काढलं आणि हसू गेलं. चटणी कोपऱ्यात पाठ फुगवून बसली होती, केस पिंजारलेले, डोळे अर्धे मिटलेले. कालची काकडी सुकून पडलेली. तळाला एकही लेंडी नव्हती.

"लिमये, हे कोणी सांगितलं करायला?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तुम्ही," अप्पा म्हणाले.

त्यात टोमणा नव्हता हो! असता तर मी परतवला असता. हा माणूस चाळीस वर्षं वरिष्ठांच्या शेऱ्याप्रमाणे रेघा मारत आला होता. डॉक्टरनं सांगितलं म्हणजे शेरा. त्यानं भाकरीला मागच्या अंगणात लगेच पुरलं, पिंजरा फिनेलनं धुतला, पडदा शिवून घेतला, पाटी रंगवली, आणि चोवीस तासांहून जास्त वेळ स्वतःच्या घरात चवड्यांवर चालला. नळसुद्धा बारीक सोडला म्हणे.

काय चुकलं ते साध्या भाषेत सांगते. गिनीपिगच्या पोटाला सुट्टी नसते. आत सतत काहीतरी सरकत राहावं लागतं. ते थांबलं की पोटात वायू धरतो, दुखतं, दुखतं म्हणून खात नाही, खात नाही म्हणून आणखी दुखतं, आणि एक-दोन दिवसांत खेळ आटोपतो. दुसरं, हा कळपातला प्राणी. कळपात सगळे गप्प झाले याचा अर्थ जवळ कोणीतरी खाणारा आला आहे. शांतता म्हणजे त्याच्या लेखी विश्रांती नाही, धोका. बहीण कुठे गेली हे तिला पाहूही दिलेलं नाही, तिचा वास फिनेलनं पुसलेला, आणि वर अंधार आणि चिडीचूप. चटणी चोवीस तास जीव मुठीत धरून बसली होती. माझ्या सल्ल्यानुसार.

"वाचेल?" अप्पांनी विचारलं.

"सांगता येत नाही."

त्यांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. पोचेची दुसरी प्रत त्यांच्याकडे होतीच. "दोन घेतल्या होत्या," ते म्हणाले. "एक तरी परत करायचीये हो."

मला त्या क्षणी माझी लाज वाटली. तीस वर्षांत क्वचित वाटली, पण तेव्हा वाटली. मी मात्र तसं म्हणाले नाही. म्हणाले, "तो दिवा इकडे करा."

पोट हलवायचं औषध दिलं, दुखण्याचं दिलं, कातडीखाली पाणी दिलं. आता तिला भरवायला हवं होतं. आज परदेशी पावडरीचे डबे मिळतात. तेव्हा आमच्याकडे होतं ते मिक्सर. तिचं कोरडं खाणं भिजवून, वाटून, बिनसुईच्या सिरिंजमध्ये भरलं. पुढच्या दातांच्या मागे, गालाच्या बाजूनं, थेंब थेंब. घाई केली तर ठसका लागून जातो प्राणी. दर तीन तासांनी. अप्पांना शिकवलं. आराखड्यावर शाईचा ठिपका न पाडणारा हात तो, पहिल्याच वेळेला त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं भरवलं. हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही, आता लिहिते आहे.

"आणि घरात आवाज पाहिजे," मी म्हटलं.

"कसला?"

"कसलाही. माणसाचा. रेडिओ लावा."

"रेडिओ नाही."

"मग तुम्ही बोला."

"काय बोलू?" अप्पा खरोखर अडचणीत आले. "बोलण्यासारखं काही नसतं आमच्याकडे."

शेवटी ठरलं की त्यांनी मोठ्यानं पेपर वाचायचा. दुसऱ्या दिवशी मी चटणीला पाहायला गेले तर बाहेर रस्त्यापर्यंत आवाज येत होता. अप्पा पिंजऱ्याशेजारी स्टुलावर बसून वाचकांची पत्रं वाचत होते, आणि प्रत्येक पत्रानंतर आपलं मत देत होते. "हा गाढव आहे. पूल तिथे बांधताच येणार नाही. खाली मुरूम आहे, चटणी, मुरूम!" चटणी पडूनच होती, पण एक कान हलत होता.

तरी स्वतःहून खाईना. काकडी झाली, सिमला मिरची झाली, कोथिंबीर झाली. वजन रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर, रोज थोडं खाली. तिसऱ्या दिवशी माझे कंपाउंडर शकूरभाई म्हणाले, "मॅडम, ओलं कोवळं गवत द्यायला पाहिजे. म्हशीला नाही का, तोंड धरलं की हिरवं दाखवतो?"

"सदाशिव पेठेत गवत कुठून आणू? फूटपाथवर उगवतं ते?"

"दुर्वा," शकूरभाई म्हणाले. ते कसबा पेठेत जन्मले, वाढले, आजोबांपासून तिथलेच. "आमच्या गल्लीच्या तोंडाशी देवळाबाहेर फुलवाली बसते. पहाटे तोडलेल्या असतात."

म्हशींचं शिक्षण माझं झालं होतं, आठवण मात्र त्यांना होती. ते पुढचे दोन आठवडे मला याची जाणीव करून देत राहिले, अर्थात अदबीनं.

अप्पा चालत कसब्यात गेले आणि दुर्वांच्या पाच जुड्या घेऊन आले. फुलवाली म्हणाली म्हणे, "काका, नवस का?" अप्पा म्हणाले, "तसंच समजा." धुतल्या, झटकल्या, आणि एकेक काडी चटणीच्या तोंडापुढे धरून बसले. मी तिथेच होते. दहा मिनिटं काही नाही. अप्पा वाचतायत, काडी धरलीये, हात जराही हलत नाही. आणि मग ते मिश्यांचं तोंड पुढे आलं आणि काडी आत जायला लागली, करकर करत, यंत्रात कागद सरकावा तशी. एक झाली. दुसरी झाली.

अप्पांनी वाचन थांबवलं नाही. फक्त पेपर उलटा धरला होता, ते माझ्या लक्षात आलं.

संध्याकाळी ते दवाखान्यात आले आणि टेबलावर एक लिफाफा ठेवला. वर लिहिलं होतं, "लेंड्या, ताज्या, सात." दवाखान्यात चार माणसं कुत्री घेऊन बसली होती. मी सगळ्यांसमोर लिफाफा उघडला आणि म्हटलं, "वा!" आमच्या धंद्यात आनंद असा येतो, त्याला इलाज नाही.

त्या रविवारी मोनालीचा अमेरिकेहून फोन आला तेव्हा अप्पांनी तिला भाकरी गेल्याचं सरळ सांगितलं. पुढे काय बोलले ते मला तेव्हा कळलं नाही.

जीव वाचला, तरी एकटेपण होतंच. माणूस कितीही पेपर वाचो, अंगाला अंग लावून झोपणारा लागतो. तोपर्यंत गावात माझी एक वही प्रसिद्ध झाली होती. कोणाकडे कोण एकटं पडलंय, नर का मादी, वय, स्वभाव, सगळं तीत. शकूरभाई तिला वधूवर सूचक मंडळ म्हणत. त्यातून कोथरूडचं एक घर निघालं. तिथली मादी एकटी होती आणि आईला ती नकोच होती, कारण मुलीचं दहावीचं वर्ष! त्यांच्या घरी टीव्हीची केबलसुद्धा काढली होती, गिनीपिग कुठला राहतो. नाव प्रिन्सेस.

प्रिन्सेसला दोन आठवडे माझ्याकडे वेगळं ठेवलं, रोगबिग नाही ना ते पाहायला. मग भेट. ही भेट कधी जुनीच्या पिंजऱ्यात करायची नसते, घरच्या मालकिणीला ते खपत नाही. दोघींनाही परकी जागा लागते. गर्दी नसलेली, कुत्र्यांचा वास नसलेली. अशी जागा आणि वेळ माझ्याकडे एकच होती, वरची माझी बैठकीची खोली, दुपारी एक ते पाच. मी झोप सोडली. अप्पांनीही सोडली. पेठेच्या इतिहासात याची नोंद व्हायला हरकत नाही.

दोन खोकी उपडी ठेवली, प्रत्येकाला दोन दारं कापलेली, म्हणजे कोणी कोंडीत सापडू नये. मधे दुर्वांचा ढीग. दोघींना सोडलं. आधी हुंगाहुंगी, मग दात वाजवणं, मग चटणीनं कंबर हलवत घुरघुरत तिच्याभोवती फेऱ्या घातल्या. प्रिन्सेस बिचकून खोक्यात. अप्पा घाबरून उठले. "बसा," मी म्हटलं. "रक्त निघेपर्यंत मधे पडायचं नाही. पाहणीचा कार्यक्रम आहे, मुलाकडच्यांनी थोडा भाव खायचाच."

चार वाजता दोघी एकाच ढिगाला तोंड लावून बसल्या होत्या, कुल्ल्याला कुल्ला लावून. चटणीनं मान वर केली आणि शिट्टी मारली. भाकरी गेल्यापासून पहिली.

"प्रिन्सेस हे नाव आमच्या घरात चालणार नाही," अप्पा म्हणाले. "पिठलं म्हणू."

मोनाली ठरल्या दिवशी परतली. विमानतळावरून आली ती बॅगा खाली टाकून आधी पिंजऱ्यापाशी बसली. चटणीला छातीशी धरून पोटभर रडली, भाकरीसाठी. मग दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली, चॉकलेटांचा डबा घेऊन. "काकांनी सांगितलं सगळं," ती म्हणाली. "तुमी होत्या म्हणून चटणी वाचली जी. दुपारची झोपसुद्धा नाही घेतली म्हणे तुमी. काका म्हणत होते, पयल्या दिवशी त्याइचीच चूक झाली, कापड टाकून ठेवलं, तुमी येऊन सावरलं."

मी तो डबा हातात धरून उभी राहिले. आणि नुसतं "थँक्यू" म्हणाले, शेवटी एकही टोमणा न जोडता. तीस वर्षांत हे एकदाच घडलं, शकूरभाई साक्षीला आहेत. खरं काय ते मी तिला सांगितलं नाही. ते आज, इथे सांगते आहे. मोनाली, कुठे असशील तिथे वाच. ती चूक त्यांची नव्हती, माझी होती.

महिन्याभरात मोनालीनं हिंजवडीच्या बाजूला मैत्रिणीबरोबर फ्लॅट घेतला. बसचे रोजचे तीन तास वाचणार होते, बरोबरच होतं तिचं. निघताना मी तिथे होते. ती दारात घोटाळली. "काका, दोघींले तुमच्यापाशीच ठेवू का? तुमाले करमेल."

अप्पांनी दाराच्या वर बोट केलं. "प्राणी पाळणारे भाडेकरू नकोत म्हटलंय, तिथे मालकानं पाळायचे? पाटी वाचत नाही का तुम्ही लोक? आणि माझी पोच कुठे आहे? परत करा ती. व्यवहार पूर्ण झाला." तिनं पासपोर्टातून कागद काढून दिला. त्यांनी तो घडी न मोडता खिशात ठेवला, पिंजरा स्वतः रिक्षापर्यंत नेला, दुर्वांची जुडी आत सरकवली आणि म्हणाले, "मोठ्यानं वाचत जा हिला. इंग्रजी चालेल." रिक्षा गेली. मी म्हटलं, "अप्पा, ठेवायच्या होत्यात की." ते म्हणाले, "दुसऱ्याच्या वस्तू ठेवून घेत नाही मी," आणि दार लावून घेतलं.

मी गेले माझ्या दवाखान्यात. त्या काळात रांग रस्त्यापर्यंत असे, आणि ज्याची लेंडी लिफाफ्यातून येत नाही त्याची तब्येत कोण विचारतो? तीन आठवडे मी त्या गल्लीत फिरकलेसुद्धा नाही. ज्या बाईनं चटणीच्या खाण्यापिण्याची रोज चौकशी केली, तिला हे सुचलं नाही की त्या घरात आणखी एकजण उरला आहे.

एका दुपारी जेवण लांबलं होतं, एक कुत्री बाळंतपणात अडली होती, तिच्या घरून परत येत होते. जवळचा रस्ता म्हणून अप्पांच्या गल्लीतून निघाले. गल्ली झोपलेली. सवयीनं त्यांच्या दाराकडे नजर गेली. जिन्याची पाटी होती, बेलची होती, प्राण्यांचीही होती. दुपारी एक ते चारची नव्हती. तिच्या जागी नवी होती, रंग अजून ताजा, अक्षर तेच छापल्यासारखं.

"येता-जाता हाक मारावी."

वेळ लिहिलेली नव्हती.

मी पिशवी खाली ठेवली आणि भर रस्त्यातून, शेजारपाजारच्यांची झोप मोडेल इतक्या मोठ्यानं ओरडले, "अहो अप्पा!"

आत स्टूल सरकलं. "कोण ते? वेळ काय, बोंब काय मारताय!"

"अडीच," मी म्हटलं. "पाटी वाचून आले."

मग कडी निघाली. अप्पा दारात उभे होते, गालफडं बसलेली, सदरा दोन मापं मोठा झालेला, हातात त्या दिवसाचा पेपर.

"जेवलात का?" मी विचारलं. हा पहिला प्रश्न असतो. त्या दिवशी मी तो विसरले नाही.